पॉइंट टू-टू पिस्तुलाने शंभर-दोनशे मीटर: या चुका टाळा

गोळी लागणे वेगळे आणि गोळी लावणे वेगळे. दोनशे मीटरवर पोलादी पत्रा टांगून पॉइंट टू-टू (०.२२ इंच कॅलिबरच्या) पिस्तुलाने पाच मॅगझिन रिकामी केली, तर एखादी गोळी लागतेच. पण पुढची कुठे जाईल हे आधी सांगता आले पाहिजे आणि ती तिथेच गेली पाहिजे. हे जमते का? शंभर मीटरवर नक्की जमते. दोनशेवर चांगले काडतूस, शांत हवा आणि बराच सराव असेल तर जमते. त्यापुढे नशिबाचा वाटा इतका वाढतो की मी तरी त्याला नेमबाजी म्हणणार नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. ५० मीटर पिस्तूल हा प्रकार रिओ २०१६ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होता. त्यात एका हाताने, उघड्या साइटने (भिंगाशिवायच्या नेमखुणांनी), पॉइंट टू-टूच्या ६० गोळ्या मारायच्या. त्याच्या टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ ५० मिमी व्यासाचे. दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओने २०१४ च्या जागतिक स्पर्धेत ग्रानाडाला ६०० पैकी ५८३ गुण केले. (आपल्या जितू रायला त्याच स्पर्धेत रौप्य मिळाले होते.) म्हणजे बहुतेक गोळ्या त्या ५० मिमीत. हाच कोन दोनशे मीटरपर्यंत लांबवला, तर २० सेंमीचे ताट होते. माणसाचा हात आणि डोळा तिथवर पोचू शकतो. पुढे आडवे येतात ते काडतूस, वारा आणि आपल्या चुका.

अमेरिकेत या खेळाला स्वतःचे घर आहे. मेटॅलिक सिलुएट हा मूळचा मेक्सिकोतला प्रकार. पिस्तुलासाठीची त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली. लहान कॅलिबरच्या प्रकारात पोलादी कोंबडी २५ वर, डुक्कर ५० वर, टर्की ७५ वर आणि मेंढा १०० वर असतो. नुसते लागून चालत नाही, प्राणी खाली पडला तरच गुण. मी पुण्यात २५ मीटरच्या लेनवर पिस्तूल शिकलो आणि आता ॲरिझोनात हा मेंढा पाडायचा सराव करतो. खाली लिहिलेल्या जवळपास सगळ्या चुका मी केल्या आहेत आणि नव्याने येणाऱ्यांना करताना पाहतो.

२५ मीटरचे झीरो घेऊन थेट दूर जाणे

स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या काडतुसातली ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी पिस्तुलाच्या नळीतून साधारण २९० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते. पिस्तूल २५ मीटरला झीरो केलेले असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी साइट लावलेली असेल, तर ५० मीटरवर ती सुमारे ६ सेंमी खाली लागते. १०० वर ४५ सेंमी खाली. २०० वर जवळजवळ अडीच मीटर खाली, आणि ३०० वर सहा मीटरांहून जास्त. हे आकडे हिशेबाचे आहेत. तुमच्या नळीला, तुमच्या काडतुसाला थोडे बदलतील, पण कल हाच राहील. शंभरला पन्नासच्या दुप्पट धरून चालणारा माणूस पहिल्या दहा गोळ्यांतच गोंधळतो आणि पिस्तुलाला दोष देतो.

म्हणून ५०, ७५, १०० असे टप्प्याने जा आणि प्रत्येक ठिकाणी रिअर साइटचे (मागच्या खाचेचे) किती क्लिक (स्क्रूचे टप्पे) लागले ते वहीत लिहा. मोबाइलवरचे बॅलिस्टिक ॲप मदत करते, पण त्यात डब्यावर छापलेला वेग भरू नका. तो बहुधा रायफलच्या लांब नळीतून मोजलेला असतो.

फ्रंट साइट हवेत धरणे

ही सगळ्यांत मोठी चूक, म्हणून जरा थांबून सांगतो.

गोळी खाली पडते म्हणताना माणूस काय करतो? दोन्ही साइट (पुढची उभी पट्टी आणि मागची खाच) सरळ रेषेत ठेवतो आणि पूर्ण पिस्तूल टार्गेटच्या वर उचलतो. आता हिशेब पाहा. फ्रंट साइट ४ मिमी रुंद आणि डोळ्यापासून ७० सेंमी दूर असेल, तर ती शंभर मीटरवर ५७ सेंमी रुंदीचा भाग झाकते आणि दोनशेवर ११४ सेंमी. पिस्तूल वर नेले की टार्गेट त्या काळ्या पट्टीमागे गायब होते आणि तुम्ही आभाळावर नेम धरून बसता. दर वेळी तेच आभाळ कसे सापडणार?

करायचे उलट. टार्गेट फ्रंट साइटच्या टोकावरच बसलेले राहू द्या आणि ती फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेतून वर काढा. जितकी वर दिसेल तितके नळीचे तोंड वर. दोन साइटमधले अंतर २२० मिमी असेल, तर २५ मीटरच्या झीरोवरून शंभरसाठी ती १ मिमी वर हवी आणि दोनशेसाठी सुमारे २.६ मिमी. एल्मर कीथ हा अमेरिकी नेमबाज फ्रंट साइटवर सोन्याच्या आडव्या पट्ट्या बसवून घेई, त्या याचसाठी: कोणती पट्टी खाचेच्या काठाशी आली म्हणजे कोणते अंतर. पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघेनेही काम भागते.

रिअर साइट तेवढी वर चढत असेल तर उत्तमच, मग ही कसरत नको. पण दोनशेपर्यंत चढणारी साइट थोड्याच पिस्तुलांना असते. आधी तपासा, नाहीतर स्क्रू शेवटपर्यंत फिरवून तो ढिला करून ठेवाल.

टार्गेटकडे पाहत राहणे

टार्गेट जितके लहान, तितका डोळा तिकडे ओढला जातो. आणि त्याच क्षणी दोन साइटची जुळणी बिघडते. २२० मिमीच्या पिस्तुलात ०.१ मिमीची चूक, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, शंभर मीटरवर साडेचार सेंमी होते आणि दोनशेवर नऊ. टार्गेट धूसर दिसले तरी चालेल, फ्रंट साइटची कड धारदार दिसली पाहिजे.

चाळिशी लागलेल्यांसाठी एक सूचना. वाचायचा चष्मा इथे उपयोगाचा नाही, कारण तो पुस्तकाच्या अंतराचा असतो आणि फ्रंट साइट त्याहून दूर असते. डोळ्यांपासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्या आणि तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) बसवणाऱ्यांनी ठिपक्याचा आकार पाहावा. ६ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका शंभर मीटरवर १७ सेंमी झाकतो. आणि मोठे करून दाखवणारा पिस्तूल-स्कोप हाताचे थरथरणेही तितकेच मोठे करून दाखवतो. ते पाहून माणूस घाबरतो आणि ट्रिगर झटकतो.

वेगवान काडतूस म्हणजे चांगले काडतूस, असे समजणे

हाय व्हेलॉसिटीच्या डब्याचा मोह सगळ्यांना होतो. पण गोळीचा वेग आवाजाच्या वेगाच्या आसपास, म्हणजे ३४० मीटर प्रतिसेकंदाजवळ असला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. वाऱ्याने गोळी किती सरकणार हे हवेच्या विरोधामुळे तिने वाटेत किती वेळ गमावला यावर ठरते. त्यामुळे पॉइंट टू-टूमध्ये हळू निघालेली गोळी वाऱ्याला कमी बळी पडते. ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे.

वेगापेक्षा वेगातला सारखेपणा पाहा. दोन काडतुसांत १० मीटर प्रतिसेकंदाचा फरक असेल, तर शंभर मीटरवर गोळ्या साडेचार सेंमी वरखाली होतात आणि दोनशेवर १८-१९ सेंमी. स्वस्त पाचशेच्या डब्याने शंभरपुढे जाऊच नका. मॅच ग्रेडच्या (स्पर्धेसाठी बनवलेल्या) तीन-चार जाती थोड्या थोड्या आणा, ५० मीटरवर हात टेकून प्रत्येकीचे पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप (भोकांचे पुंजके) काढा आणि जी तुमच्या नळीला रुचेल तीच घ्या. नळी बदलली की आवडही बदलते. काडतुसे गाडीत तापत ठेवू नका, इथल्या उन्हाळ्यात तर नाहीच.

वारा फक्त आपल्याजवळचा पाहणे

ताशी १० किमीचा आडवा वारा शंभर मीटरवर गोळी पाचेक सेंमी ढकलतो, दोनशेवर वीसेक. अंतर दुप्पट, ढकलणे चौपट. फायरिंग पॉइंटवर झाडाचे पान हलत नसते आणि मधल्या घळीतून वारा वाहत असतो. वाटेत दोन ठिकाणी रिबिनी लावा. उन्हात स्पॉटिंग स्कोपमधून (टार्गेट पाहायच्या दुर्बिणीतून) दिसणारी हवेची लहर कुठल्या बाजूला वाहते आहे, तेही वारा सांगते. रिबिनी सारख्या लोंबत असतानाच मारायचे, असा नियम ठेवला तर अर्धे काम होते.

नळी टेकवणे

आधार घ्यायला हरकत नाही, पण नळी लाकडावर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवली की झटका वेगळा बसतो आणि गोळी भलतीकडे जाते. आधार मनगटांना द्या. सिलुएटवाले पाठीवर रेलून, गुडघा वाकवून, पिस्तूल पायाच्या बाजूला टेकवतात. त्याला क्रीडमूर म्हणतात आणि पिस्तुलासाठी याहून स्थिर बैठक मला माहीत नाही. मात्र हातात रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला गरम वायू आणि शिशाचे कण उडतात. पायावर जाड चामड्याचे पान बांधल्याशिवाय ही बैठक घेऊ नका.

चूक नेमकी कुठे आहे, हे कसे ओळखाल

पहिल्यांदा शंभरवर जाताना छोटी प्लेट लावू नका. ५.६ मिमीचे भोक तिथून दिसत नाही आणि हुकलेली गोळी तर काहीच सांगत नाही. माणसाच्या उंचीचा पुठ्ठा उभा करा, मधोमध नारिंगी ठिपका चिकटवा, दहा गोळ्या मारा आणि चालत जाऊन पाहा.

भोके उभ्या रेषेत पसरली असतील तर काडतुसाचा वेग सारखा नाही, किंवा खाचेतली फ्रंट साइटची उंची दर वेळी बदलते आहे. हेच काडतूस ५० मीटरवर टेकून घट्ट ग्रुप देत असेल तर शंका उंचीवर घ्या. आडवी पसरली असतील तर वारा किंवा ट्रिगरचे बोट. निवांत हवेतही आडवीच येत असतील तर बोटच. दोन वेगळे पुंजके दिसले तर ग्रिपचा किंवा साइटचा स्क्रू ढिला आहे का ते पाहा. पहिल्या गोळ्या वेगळ्या आणि नंतरच्या एकत्र, हे नळी पुसून कोरडी केल्यावर किंवा काडतुसाची जात बदलल्यावर होते. पाच-दहा गोळ्या जाऊ द्या, मग मोजायला लागा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. साइट, काडतूस आणि पकड एकाच दुपारी बदलणारा माणूस घरी जाताना सकाळइतकाच अडाणी असतो.

बोटाचा दोष ड्राय फायरिंगने (काडतुसाशिवाय ट्रिगर ओढायच्या सरावाने) जातो. पण बऱ्याच पॉइंट टू-टू पिस्तुलांत रिकामा ट्रिगर ओढला की फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. त्यात स्नॅप कॅप (सरावाचे खोटे काडतूस) घाला.

कायदा आणि मागचा बांध

काडतुसांच्या डब्यावर दीड मैलापर्यंतच्या धोक्याची सूचना असते. ती पिस्तुलालाही मनावर घ्या. लांब अंतरावर नळी वर असते, म्हणून मागे मातीचा उंच बांध असलेल्या रेंजवरच मारा. पाणी आणि खडक यांवरून शिशाची गोळी उसळते.

भारतात आर्म्स ॲक्ट १९५९ लागू आहे आणि सराव परवानाधारक रेंजवरच करायचा असतो. तिथे पिस्तुलाला ५० मीटरची लेन मिळाली तरी ती सोन्यासारखी वापरा, वरचे सगळे तिथेच शिकता येते. अमेरिकेतल्या मराठी मित्रांनी मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूलही त्यात येते. राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना हा एक अपवाद आहे. मित्राने सहज हातात दिले म्हणून चालत नाही. आधी वकिलाला विचारा.

गोळी सुटताच डोके वर करणे

दोनशे मीटरवर गोळी पोचायला पाऊण सेकंद लागतो आणि पत्र्याचा आवाज परत यायला आणखी अर्ध्या सेकंदाहून थोडे जास्त. या सव्वा सेकंदात लागली का हे पाहायला मान उचलायची सवय लागते आणि हळूहळू ती ट्रिगर सुटायच्या आधीच उचलली जाते. ट्रिगर मागेच दाबून ठेवा, फ्रंट साइटवरची नजर हलवू नका आणि कानाला वाट पाहू द्या. टण ऐकू आले की मग पिस्तूल खाली घ्या.