सोलापुरात उमेदवाराला कामाशी जोडून देताना

एखाद्या तरुणाला रोजगार मिळवून द्यायचा असेल, तर त्याला अभ्यासक्रम सुचवण्यापूर्वी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील चादर-टॉवेलचे कारखानदार आणि गणवेश शिवणारे उद्योजक यांना नेमका कोणता कारागीर मिळत नाही, हे विचारून घ्यावे. मग त्या कामातला अनुभवी जॉबर (यंत्रमाग सांभाळणारा मुकादम) किंवा शिलाईचा मास्टर मार्गदर्शक म्हणून नेमावा. त्याने सुरुवातीला दर आठवड्याला उमेदवाराशी कारखान्याबाहेर बोलावे, कारण मुले कष्टांपेक्षा चारचौघांत खाव्या लागणाऱ्या बोलण्यांना कंटाळून काम सोडतात, असे माझे मत आहे. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांसाठी शिवणवर्ग वस्तीतच, त्यांच्या सोयीच्या वेळी ठेवावा. शिकाऊ उमेदवारीची नोंदणी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करावी, म्हणजे विद्यावेतनाचा हक्क राहतो. तोंडी आश्वासनावर कोणालाही पाठवू नये.