थंडी ओसरताना पिकावरचे विषाणू: सावरलेल्या झाडावर भुलू नका

ऊन वाढायला लागलं की शेतात हमखास दिसणारी गोष्ट: पंधरा दिवसांपूर्वी ज्या रोपांची पानं पिवळी-हिरवी, आकसलेली होती, त्यांचेच नवे शेंडे स्वच्छ निघतात. 'मारलेलं औषध लागू पडलं' असं आपण म्हणतो. पण झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध बाजारात नाही. पुष्कळदा रोपानंच विषाणूची जनुकं गप्प केलेली असतात. यालाच जीन सायलेन्सिंग म्हणतात.

बहुतेक वनस्पती-विषाणूंचं जनुकद्रव्य आरएनए, म्हणजे रासायनिक 'अक्षरांचा' लांब धागा, असतं. पेशीत त्याच्या नकला निघताना दुपदरी आरएनए तयार होतो आणि तिथेच विषाणू पकडला जातो. डायसर नावाचं प्रथिन त्या धाग्याचे 21 ते 24 अक्षरांचे तुकडे पाडतं. मग या तुकड्यांशी जुळणारा आरएनए जिथे सापडेल तिथे कापला जातो. हे तुकडे शेंड्याकडेही सरकतात, त्यामुळे नवं पान आधीच सावध असतं. तंबाखूच्या रिंगस्पॉट रोगातलं हे सावरणं 1928 मध्येच नोंदलं गेलं होतं. त्यामागचं कारण कळायला जवळपास सत्तर वर्षं गेली.

ही यंत्रणा तापमानावर चालते. प्रयोगांत 15 अंश सेल्सिअसला ती मंदावलेली आणि 24 ते 27 अंशांना जोमात आढळली. म्हणून थंडीत लावलेली कोवळी रोपं सर्वांत उघडी पडतात. पण उबेबरोबर विषाणू पसरवणारे मावा आणि पांढरी माशीही वाढते, हे विसरू नका. रोपवाटिकेवर 40 ते 50 मेशची जाळी पुनर्लागवडीच्या दिवसापर्यंत राहू द्या. दार म्हणून जाळीचा एक कोपरा उचलून ठेवायची सवय असेल तर जाळी घातलीच नाही असं समजा.

सावरलेलं झाड निरोगी नसतं. त्यात विषाणू कमी प्रमाणात राहतोच. त्याचं बी, फाटे किंवा डोळे पुढच्या लागवडीसाठी घेऊ नका.

हीच युक्ती वापरून काही वाण तयार झाले. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या पुना भागात 1992 मध्ये पपईचा रिंगस्पॉट विषाणू शिरला आणि बागा बसल्या. विषाणूच्या आवरण-प्रथिनाचं जनुक घातलेली 'रेनबो' पपई 1998 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली, आणि तिथला पपईचा धंदा तगला. मात्र याच रेनबोवर त्या विषाणूचे हवाईबाहेरचे काही प्रकार रोग पाडू शकतात, कारण अक्षरं पुरेशी जुळत नाहीत. तेव्हा 'विषाणू-प्रतिकारक' एवढ्याच शब्दावर बियाणं घेऊ नका. कोणता विषाणू, त्याचा कोणता प्रकार, आणि तुमच्या भागात त्या वाणाला परवानगी आहे का, हे विचारा.

दुपदरी आरएनए थेट पानावर फवारायचा मार्गही आहे. साधा आरएनए काही दिवसांतच निकामी होतो. मातीसारख्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर चिकटवल्यावर तंबाखूच्या पानांना एका फवारणीत साधारण वीस दिवस संरक्षण मिळाल्याचं 2017 मध्ये दाखवलं गेलं. पण हे संरक्षण लागण होण्याआधीचं आहे. एकाच बाटलीत 'सर्व विषाणूंवर रामबाण' असा दावा दिसला तर ती खाली ठेवा. अक्षरं जुळल्याशिवाय हे काम होत नाही.

विषाणूही गप्प बसत नाही. काकडीवर्गीय मोझॅकच्या (पानावर पिवळे-हिरवे चट्टे पाडणाऱ्या रोगाच्या) विषाणूकडे ही यंत्रणा दाबणारं '2बी' नावाचं प्रथिन आहे. एक विषाणू झाडाचं रक्षण असं मोडतो तेव्हा दुसऱ्याला वाट मोकळी होते. बटाट्यावरचे एक्स आणि वाय हे दोन विषाणू एकत्र आले की नुकसान दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त होतं ते यामुळेच.

मावा मोझॅकचे कित्येक विषाणू काही सेकंदांच्या टोचण्यातच सोडून जातो; कीटकनाशकानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. तिथे चंदेरी आच्छादन आणि बांधावरच्या तणांचा बंदोबस्त जास्त उपयोगी. पांढऱ्या माशीला विषाणू उचलायला आणि सोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिथे वेळेवरचं नियंत्रण कामी येतं.

लागवडीनंतर पहिले चार आठवडे दर तीन-चार दिवसांनी सकाळी फेरी मारा. चुरडलेलं रोप दिसलं की आधी त्यावर पिशवी घाला, मगच उपटा. हलवून उपटलंत तर पानामागच्या माश्या उठून शेजारच्या रोपावर बसतात.