ब्रेक पॅड आणि डिस्क कधी बदलायच्या? या चुका टाळा

चाकाच्या फटीतून टॉर्च मारली की ब्रेकचा बाहेरचा पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबला जाणारा घर्षणाचा तुकडा, दिसतो. जाडी पाच मिलिमीटर भरली की आपण निश्चिंत होतो. मीही एकदा असाच निश्चिंत झालो होतो. थोड्याच दिवसांत ब्रेक दाबला की पुढून लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येऊ लागली. चाक काढून बघितलं, तर बाहेरच्या पॅडवर अजून भरपूर माल शिल्लक होता आणि आतल्या पॅडची नुसती लोखंडी पाठ डिस्कवर घासत होती. डिस्कच्या आतल्या बाजूला बोट अडकेल अशा चऱ्या पडल्या होत्या. पॅड धरून डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झाली होती. जे काम पॅड बदलून भागलं असतं, त्यासाठी दोन्ही डिस्कही बदलाव्या लागल्या.

तेव्हापासून मी ब्रेकचा निर्णय कानावर आणि किलोमीटरवर सोपवत नाही. चाक काढायचं, आतला पॅड बघायचा आणि मोजायचं. खालच्या बहुतेक चुका हे न केल्यामुळेच होतात.

किलोमीटर बघून पॅड बदलणं

‘पॅड किती किलोमीटर चालतात?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचे पॅड तीस हजारांत संपतात, दुसरीचे सत्तर हजारांनंतरही चालतात. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना ब्रेकला सुमारे ४ लाख ६० हजार ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी ताशी ५० वरून थांबवली तर ही ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे दूरवरचा सिग्नल बघून आधीच पाय उचलणाऱ्याचे आणि शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक दाबणाऱ्याचे पॅड सारखे टिकणं शक्यच नाही. शहरातली गर्दी, घाटाचा उतार, गाडीतलं वजन, ऑटोमॅटिक गिअर या सगळ्याचा परिणाम होतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांमध्ये तर गोष्ट उलटी होते. तिथे मोटरच गाडी हळू करते, ब्रेक क्वचित लागतो आणि पॅड झिजण्याआधी डिस्क गंजायला लागते.

म्हणून मोजमाप. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ४ मिलिमीटरवर आला की बदलायची तयारी ठेवा, ३ वर आला की बदला. २ च्या खाली गेलेल्या पॅडवर लांबचा प्रवास नको. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच अंतिम माना. मोजताना मागची लोखंडी पाठ धरायची नाही. ही चूक फार जण करतात. पाठच पाच-सहा मिलिमीटरची असते, त्यामुळे सगळं मिळून ‘अजून आठ आहे की’ असं वाटतं आणि प्रत्यक्षात काम करणारा थर दोनच मिलिमीटर उरलेला असतो.

आवाजाची वाट बघणं

बऱ्याच पॅडवर एक छोटी पत्र्याची पट्टी असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक किंचाळल्यासारखा आवाज करते. सोय चांगली आहे, पण पुष्कळ गाड्यांमध्ये ती प्रत्येक चाकाच्या एकाच पॅडवर असते. झिजला दुसरा पॅड, तर ती गप्पच राहते. डॅशबोर्डवर दिवा लावणाऱ्या सेन्सरचंही तसंच आहे. तो बऱ्याचदा चारपैकी एका-दोन चाकांवरच बसवलेला असतो.

उलट प्रत्येक आवाज म्हणजे पॅड संपले असंही नाही. पावसानंतर किंवा गाडी धुऊन रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी येणारी खरखर डिस्कवरच्या तांबूस गंजाची असते, दोन-चार ब्रेक मारले की जाते. हलका ब्रेक लावताना येणारी बारीक शिट्टी बहुधा पॅडच्या कंपनाची असते. पॅडमागचा शिम (कंपन दाबणारा पातळ पत्रा) निसटला असेल, पॅड धरणाऱ्या क्लिप गंजल्या असतील किंवा पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल. मात्र ब्रेक दाबला की दर वेळी जाड, धातूची खरखर येत असेल तर गाडी पुढे चालवू नका.

ब्रेक ऑइल वर भरत राहणं

टाकीतली पातळी खाली गेली, ऑइल ओतलं, काम झालं. असं करू नका, आधी ती का गेली ते बघा. पॅड जसजसा झिजतो तसतसा त्याला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि त्याच्या मागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली उतरतं. सावकाश उतरणारी पातळी हा पॅड झिजल्याचा निरोप असतो. तुम्ही टाकी काठोकाठ भरली आणि मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला, तर तेच ऑइल बाहेर येतं आणि रंग खातं. पातळी एकदम उतरली असेल तर कुठेतरी गळती आहे, ती शोधेपर्यंत गाडी काढायची नाही.

आणखी एक गोष्ट पॅडच्या जाडीशी जोडलेली आहे. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येऊ शकते. जाड पॅड डिस्कची उष्णता कॅलिपरपर्यंत पोचू देत नाही, पातळ पॅड ती अडवू शकत नाही. झिजलेले पॅड, जुनं ऑइल आणि लांब उतार एकत्र आले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावं आणि उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरावं.

‘डिस्क वाकली’ म्हणून मोकळं होणं

वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. बहुतेक जण म्हणतात डिस्क वाकली, आणि नवी डिस्क बसवतात. काही हजार किलोमीटर झाले की थरथर परत! कारण डिस्क बहुधा वाकलेली नसतेच. तिची जाडी फेरीभर सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिलिमीटरचा फरकसुद्धा पायाला आणि हाताला जाणवू शकतो.

हा फरक पडतो कसा? डिस्क ज्या हबवर बसते तिथे गंजाचा पापुद्रा राहिला, किंवा चाकाचे नट वेडेवाकडे आवळले गेले, तर डिस्क फिरताना किंचित डुलते. बऱ्याच गाड्यांमध्ये हे डुलणं साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतच चालतं, म्हणजे एखाद्या केसाच्या जाडीइतकं. त्याहून जास्त झालं की ब्रेक न दाबताही डिस्कचा एक भाग दर फेरीला पॅडला चाटून जातो आणि तेवढाच झिजतो. दुसरं कारण पॅडच्या मालाचं. जोरदार ब्रेकिंगनंतर डिस्क तापलेली असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवली, की पॅडचा थर एका जागी चिकटून ठसा उमटतो.

म्हणून नवी डिस्क बसवण्याआधी हब तारेच्या ब्रशने चकचकीत झाला पाहिजे. माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी हीच, आणि सर्वांत जास्त त्रास वाचवणारीही हीच. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळायचे. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढच्या डिस्क आधी तपासा. सीटमध्ये किंवा पेडलमध्ये जास्त जाणवत असेल तर मागच्याही. आणीबाणीच्या ब्रेकिंगमध्ये पेडल पायाखाली ठकठक उडतं, ते मात्र एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम चालू असल्याचं लक्षण आहे. घाबरून पाय सोडायचा नाही, दाबून ठेवायचा.

डिस्कची किमान जाडी न बघणं

प्रत्येक डिस्कची एक किमान जाडी ठरलेली असते आणि ती बहुधा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली असते. नवी डिस्क २२ मिलिमीटर आणि किमान २० असं गणित असू शकतं. म्हणजे दोन्ही बाजू धरून झिजायला फक्त दोन मिलिमीटर. डोळ्याला हे कळत नाही. साध्या व्हर्निअरनेही फसायला होतं, कारण बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उरतो आणि व्हर्निअरचे जबडे त्यावरच टेकतात. मायक्रोमीटर नसेल तर डिस्कच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचं एकेक नाणं ठेवा, त्यावरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. एका जागी मोजून थांबू नका, फेरीभर सात-आठ ठिकाणी मोजा.

‘दोन वेळा पॅड, मग एकदा डिस्क’ असा हिशेब सांगितला जातो. अंदाज म्हणून ठीक, पण मी वेगळा प्रश्न विचारतो: नवे पॅड संपेपर्यंत ही डिस्क किमान जाडीच्या वर राहील का? किमान २० असताना आज ती २०.२ भरत असेल, तर उत्तर नाही असंच आहे. लेथवर घासून गुळगुळीत करून घ्यायची असेल, तर घासल्यानंतरची जाडी मोजा. पातळ डिस्क कमी उष्णता साठवते, म्हणून लवकर तापते. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषांवर लक्ष ठेवलं तरी चालतं, पण कडेपर्यंत पोचलेली भेग दिसली की जाडी कितीही असो, डिस्क बाद.

काढलेले पॅड न बघता फेकणं

काम गॅरेजमध्ये करून घेत असाल तरी जुने पॅड मागून घ्या आणि शेजारी शेजारी मांडा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल तर पिन जाम आहे किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. एकच पॅड तिरका झिजला असेल तर कॅलिपर सरळ सरकत नाही. एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि त्याच्या जोडीच्या दुसऱ्या बाजूच्या चाकाचे तसेच असतील, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही. कधी ऑइल नेणारी रबरी नळी (होज) आतून सुजून ऑइल परत येऊ देत नाही. हे दुरुस्त न करता नवे पॅड टाकले, तर तेही त्याच वाटेने जातील.

बसवतानाच्या चुका

पॅड आणि डिस्क नेहमी डाव्या-उजव्या जोडीने बदला, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. सुटा कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगतं. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून काढा. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ती फुफ्फुसाला वाईट. मागच्या चाकांचे पिस्टन काही गाड्यांमध्ये दाबून नाही तर फिरवून आत जातात. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडला टाकावा लागतो, बळ लावलं तर मोटर किंवा पिस्टन तुटतो. यातलं काही पहिल्यांदाच करत असाल, तर जाणकार शेजारी उभा असू द्या. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीचं चाक कधीही काढू नका, खाली स्टँड हवाच.

आता सर्वांत महत्त्वाचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल दाबल्यावर ब्रेक लागतच नाही. इंजिन चालू करण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत हळूहळू पंप करा. हे विसरून गाडी मागे घेतली आणि भिंतीवर गेली, असे प्रसंग खरोखर घडतात. पंप केल्यावरही पेडल मऊ राहिलं तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही.

मग नवे पॅड डिस्कवर बसवून घ्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता आठ-दहा वेळा वेग कमी करा. मध्ये थोडं अंतर राखा आणि शेवटी ब्रेक न वापरता काही मिनिटं गाडी चालवून सगळं थंड होऊ द्या. या काळात तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभं राहू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी ठसा उमटेल. पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा.