कापडावर काय काढायचं सुचत नाहीये? घरातच बघा

डिझाइन सुचत नसेल तर मोबाईलवर शोधत बसू नका, घरातल्या लहान मुलांनी वहीच्या मागे केलेल्या रेघोट्या बघा, आजीच्या जुन्या साडीचा काठ बघा, किंवा गळून पडलेलं पान उलटं करून बघा, कारण शिरा मागच्या बाजूलाच जास्त उठून दिसतात.

आता तेच डिझाइन कापडभर सलग जोडायची खरी ट्रिक. चौकोनी कागदाच्या मधोमध चित्र काढायचं, कडांना टेकू द्यायचं नाही, मग कागदाचे चार समान तुकडे करून तिरपे समोरासमोरचे अदलाबदल करायचे आणि मागून टेप लावायची. मध्ये जी मोकळी जागा येते तिथे एखादी कळी, बी काहीही भरा. झालं, पॅटर्न कितीही वेळा जोडला तरी सांधा दिसत नाही! रंग मात्र दोन-तीनच घ्या, नाहीतर नुसता गिचमिडकाला होतो (माझा झालाय).