स्क्रू नाही, खिळा नाही: तीन फळ्यांचं खाचेचं स्टूल

प्लायवूडचे तीन तुकडे: फुलीसारख्या एकमेकींत अडकणाऱ्या दोन उभ्या फळ्या आणि त्यांवर बसणारी चौकोनी बैठक. स्टुलाची उंची ४५० मिमी आणि वजन साधारण ५ किलो. सगळा भार खाचा पेलतात, त्यामुळे खाच ढिली झाली तर स्टूल डुलतं आणि घट्ट झाली तर प्लायचे थर फुटतात. या दोन्हींच्या मधली जागा अर्ध्या मिलिमीटरचीही नाही. म्हणून कामाची सुरुवात कागदावरून होत नाही, हातातल्या फळीवरून होते.

फळी निवडणं आणि मोजणं

१८ मिमीचा बर्च प्लाय यासाठी सर्वांत बरा. त्यात सहसा १३ पातळ थर असतात, आत पोकळ्या कमी असतात आणि कापलेली कड उघडी ठेवली तरी देखणी दिसते. स्वस्त प्लायच्या गाभ्यात पोकळी असते. ती नेमकी कुसवात आली (फळीच्या माथ्यावर ठेवलेली जीभ म्हणजे कुसू) तर कुसू पहिल्याच ठोक्याला तुटतं. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) इथे नकोच. त्याची कड दाबाखाली पानांसारखी सुटते आणि ओलावा लागला की फुगते.

कोरा तुकडा किमान ९५० × ७९० मिमीचा लागेल. उभ्या फळ्यांच्या बाहेरच्या थराच्या रेषा उभ्या, म्हणजे पायाकडून बैठकीकडे जायला हव्यात. रेषा आडव्या आल्या तर कुसवं कमकुवत होतात. सरळ पट्टी आडवी लावून वाकही बघा. ४५० मिमीत १ मिमीहून जास्त पोट आलं असेल तर तो तुकडा बैठकीला चालेल, पण खाचेला नाही.

आता जाडी. १८ मिमी म्हणून विकलेला प्लाय क्वचितच नेमका १८ भरतो. बऱ्याचदा तो अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी असतो आणि एकाच फळीत जागोजागी थोडा बदलतो. व्हर्नियर कॅलिपरने निदान सहा ठिकाणी मोजा. कडेला थर दबलेले किंवा उसवलेले असतात, म्हणून मोजताना कडेपासून १५-२० मिमी आत जा. सगळ्यांत मोठा आकडा धरा. तो १७.६ आला तर खाच १७.७ ते १७.८ मिमीची. फळी आधी काही दिवस ज्या खोलीत काम करायचं तिथेच ठेवलेली असावी, कारण दमट हवेत प्लाय जाडीला फुगतो आणि कोरड्या हवेत उतरतो.

आकड्यावर विसंबण्यापेक्षा नमुना कापून बघणं चांगलं. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यात पाच खाचा घ्या: जाडीइतकी, मग ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ मिमी जास्त. दुसरा तुकडा प्रत्येकीत घालून पाहा. हाताच्या दाबाने जाते, पण उलटं धरल्यावर आपोआप गळून पडत नाही, ती खाच तुमची. हातोडा लागत असेल तर ती घट्ट आहे, कारण नमुन्यात खाच ५० मिमी लांब असते आणि खऱ्या फळीत १७७. घर्षण त्या मानाने वाढतं.

बैठक चौकोनी का

फुलीच्या पायांवर गोल बैठक ठेवायचा मोह होतो आणि तिथेच बरीच स्टुलं कलंडतात. फुलीची चार टोकं जमिनीला टेकतात, ती जोडली तर एक चौकोन होतो. त्या चौकोनाच्या बाजू मध्यापासून टोकांच्या अंतराच्या फक्त ०.७ पट दूर असतात. फळी तळाला ४६० मिमी रुंद, म्हणजे टोक मध्यापासून २३० मिमीवर, तर कलंडण्याची रेषा साधारण १६२ मिमीवर. या पायांवर ४०० मिमी व्यासाची गोल बैठक ठेवली तर दोन पायांच्या मधली कड २०० मिमीवर येते. तिथे कोणी टेकलं की स्टूल उलटतं.

उपाय सोपा आहे. बैठक ३२० मिमीची चौकोनी घ्या आणि तिचे कर्ण फळ्यांवर आणा. कोपरे पायांवर येतात आणि कड मध्यापासून १६० मिमीवर राहते, म्हणजे कलंडण्याच्या रेषेच्या आत. कोपरे ३० मिमी त्रिज्येने गोल करा. पाय कोपऱ्यापेक्षा साधारण १६ मिमी बाहेर राहतील. डिझाइन म्हणून ते बरं दिसतं, अंगठ्याला मात्र कधीतरी लागतं. तो अंगठा वाचवायला पाय आत घ्यायचे असतील तर बैठकही त्याच प्रमाणात लहान करा.

आखणी

दोन्ही उभ्या फळ्यांचं बाहेरचं रूप एकच. तळ ४६० मिमी, माथा ३६० मिमी, तळापासून माथ्यापर्यंत उंची ४३२ मिमी. माथ्याच्या वर दोन कुसवं, प्रत्येकी ६० मिमी लांब आणि १९ मिमी उंच. मध्यरेषेपासून दोन्हीकडे ९० मिमीवर सुरू होऊन १५० मिमीवर संपणारी. बैठक १८ मिमीची, म्हणून १९ मिमीचं कुसू वर १ मिमी डोकावेल आणि नंतर घासून सपाट करता येईल.

तळाला कमान हवी, म्हणजे फळी फक्त दोन टोकांना टेकेल. दोन्हीकडे ७० मिमी पाऊल सोडा, मध्ये ३२० मिमी उरतात. कमानीची उंची ८० मिमी. यासाठी कंपासची त्रिज्या बरोबर २०० मिमी येते. मध्यबिंदू फळीच्या तळकडेच्या १२० मिमी खाली, मध्यरेषेवर. फळीखाली फालतू लाकडाची पट्टी लावून तिच्यावर तो बिंदू घ्या.

कमानीच्या माथ्यापासून वर ३५२ मिमी लाकूड उरतं. त्याची निम्मी १७६. खाच मात्र १७७ घ्या. तळाला एक-एक मिलिमीटर मोकळा राहिला नाही तर खाचांचे तळ आधी भिडतात आणि दोन्ही फळ्यांचे माथे एका पातळीत येत नाहीत. एका फळीत खाच माथ्यावरून खाली. हिला ‘अ’ म्हणू. दुसरीत कमानीपासून वर, ही ‘ब’. दोन्हींत खाच एकाच दिशेने कापली जाण्याचा घोळ फार सहज होतो, कारण फळ्या जुळ्या असतात. आखतानाच पेन्सिलने अ, ब आणि बाण काढा.

कापणं

बाहेरचा आकार दोन्ही फळ्या एकमेकींवर क्लॅम्प करून एकदम कापता येतो. खाचा वेगळ्या.

जिगसॉने १८ मिमी प्लायमध्ये थेट रेषेवर खाच कापू नका. पातं खाली वाकतं, त्यामुळे वरची रेषा अचूक दिसते आणि खालच्या बाजूला खाच एक मिलिमीटर तिरकी गेलेली असते. दोन फळ्या अडकवल्यावरच हे कळतं, तेव्हा त्यांच्यातला कोन ९० अंशांचा राहिलेला नसतो. रेषेच्या आत २ मिमी सोडून जिगसॉ चालवा. मग सरळ पट्टी क्लॅम्प करून बेअरिंग असलेलं सरळ बिट लावून राउटरने (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) दोन्ही गाल, म्हणजे खाचेच्या आतल्या बाजू, साफ करा. राउटर नसेल तर धारदार पटाशी आणि सपाट कानस. वेळ लागेल, पण खाच सरळ येईल. रेषेवर आधी मास्किंग टेप लावून धारदार चाकूने रेघ ओढली तर वरच्या थराचे ढलपे उडत नाहीत. थराच्या रेषा आडव्या कापताना, विशेषतः कुसवाच्या खांद्याशी (कुसवाशेजारची माथ्याची सपाट कड), हे टाळू नका.

सीएनसीवर (संगणकाने चालणारं कापण्याचं यंत्र) कापून घेणार असाल तर गोल कोपऱ्यांचा विचार आधी करा. ६ मिमीचं बिट आतल्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई सोडतं आणि चौकोनी फळी त्या गोलाईत बसत नाही. कोपऱ्यात बिटापेक्षा किंचित मोठं, ६.३ ते ६.५ मिमी व्यासाचं अर्धवट वर्तुळ बाहेर काढतात. खाचेच्या तळाला आणि बैठकीच्या भोकांना ते सगळे देतात. कुसू आणि खांदा जिथे भेटतात तो कोपरा हमखास विसरला जातो आणि बैठक ३ मिमी अधांतरी राहते.

बैठकीची भोकं सर्वांत शेवटी. हाताने काम करत असाल तर त्यांची मापं ड्रॉइंगवरून घेऊच नका. ‘अ’ आणि ‘ब’ अडकवा, गुण्याने कोन तपासा. बैठक पालथी ठेवून तिच्यावर कर्ण आखा, जोडलेली फुली उलटी करून कर्णांवर बसवा आणि चारही कुसवांभोवती चाकूने रेघ मारा. कोणतं कुसू कोणत्या भोकाचं, याला खुणेचे आकडे टाका. रेघेच्या आत ८ मिमीच्या ड्रिलने कोपऱ्यांत भोकं पाडा, जिगसॉने मधला भाग काढा आणि पटाशीने निम्मं एका तोंडाकडून, निम्मं दुसऱ्या तोंडाकडून साफ करा. एकाच बाजूने पटाशी आरपार मारली तर पलीकडचा थर चांगला बोटभर सोलला जातो. आणि ती बाजू नेहमी दर्शनी निघते!

जोडणी

‘अ’ जमिनीवर उभी करा, ‘ब’ वरून सोडा. दोन्ही बाजूंना आलटून पालटून दाबत न्या. एकच बाजू पुढे गेली की फळी खाचेत चिमटते आणि आतले थर फाटतात. अडलं तर उपसून काढा, चकाकी आलेली जागा शोधा आणि तेवढीच १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. सगळीकडे घासत सुटलात तर खाच ढिली होईल. ढिली झालेली खाच मात्र वाया जात नाही. एका गालावर ०.५ मिमीचा व्हिनिअरचा पट्टा चिकटवा, सुकल्यावर घासत आणा.

बैठक नुसती दाबून बसवली तर स्टूल बैठकीला धरून उचलताच पाय खाली राहतात. वारंवार सुटं करायचं नसेल तर फक्त ‘ब’ची दोन कुसवं बैठकीत लाकडाच्या गोंदाने चिकटवा. ‘अ’ला गोंद लावू नका. मग बैठक आणि ‘ब’ मिळून एक नग होतो आणि तो ‘अ’वर वरून बसतो. उलट, ‘अ’ला चिकटवलंत तर ‘ब’ आत जायला वाटच उरत नाही. गोंद लावताना ‘अ’ जागेवर बसवलेली हवी, नाही तर सुकल्यावर भोकं जुळत नाहीत. २४ तास भार देऊ नका. पूर्ण सपाट बांधून ठेवायचं किंवा पाठवायचं असेल तर गोंद अजिबात नको. सुट्या भागांत फर्निचर पाठवण्याची कल्पना जुनीच आहे, ऑस्ट्रियातल्या थोनेट या फर्निचरकाराची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची याच हिशोबाने एक घनमीटरच्या पेटीत ३६ नग बसवून जायची.

चारही कुसवं वर डोकावत असताना ती रंध्याने किंवा पॉलिश पेपरने एकदाच सपाट करा. मग स्टूल काचेवर किंवा खात्रीच्या सपाट ओट्यावर ठेवा. डुललं तर कागदाची पट्टी पायांखाली सरकवून कोणता पाय अधांतरी आहे ते बघा. घासायचा असतो तो त्याच्या शेजारचा, उंच पाय.

फिनिश

१२०, मग १८० नंबर. उघड्या कडांना २ मिमीची गोलाई द्या, पण खाचेच्या तोंडाला आणि कुसवाच्या खांद्याला हात लावू नका. तिथे गोलाई म्हणजे फट. खाचांचे गाल आणि कुसवं टेपने झाका. पॉलिशचे दोन हात गालावर बसले तर नमुना कापून मिळवलेला तो ०.१-०.२ मिमीचा मोकळेपणा संपतो. पाण्यावर आधारित पॉलिशच्या पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहतात, ते २४० नंबरने हलके घासून दुसरा हात द्या. कडेला थर जास्त पॉलिश पितात, तिथे तिसरा लागू शकतो. बसताना करकर आवाज आला तर कोरड्या खाचेच्या गालांवर मेणबत्ती घासा. चिकटवायच्या कुसवांना मात्र मेण लागता कामा नये.

हेच लहान आकारात

कानातल्यांचा स्टँड, पेनांचा ट्रे, दिव्याची शेड या गोष्टी ३ मिमी प्लाय किंवा अ‍ॅक्रिलिकमध्ये लेझरने कापतात तेव्हा हिशोब उलटा होतो. लेझर स्वतः साधारण ०.१ ते ०.२ मिमी रुंद जाळतो, त्यामुळे आखलेली खाच प्रत्यक्षात तेवढी मोठी येते. म्हणून ती जाडीपेक्षा बारीक आखावी लागते. लाकूड थोडं दबतं, अ‍ॅक्रिलिक दबत नाही: खाच जरा घट्ट झाली की आतल्या टोकदार कोपऱ्यातून तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. अ‍ॅक्रिलिकमध्ये खाचेच्या तळाला अर्ध्या मिलिमीटरची तरी गोलाई ठेवा आणि तुकडे हाताच्या दाबाने सहज जातील इतपत मोकळे ठेवा.