बाहेरचं लोकेशन ट्रॅककारवर कसं आणावं

गाडीतला जीपीएस, चालकाचा मोबाइल, वाहतूकदाराकडून येणारा डेटा असं सगळं एकाच नकाशावर हवं असेल, तर ट्रॅककार हा मुक्त स्रोत सर्व्हर सोयीचा पडतो. दोनशेहून जास्त प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांच्या डेटा पाठवायच्या भाषा, त्याला कळतात. प्रत्येक प्रोटोकॉलचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचा क्रमांक दिलेला दरवाजा, मात्र वेगळा.

आधी ८०८२ पोर्टवरच्या वेब पानावर डिव्हाइस नोंदवा. नाव काहीही चालेल, ओळख क्रमांक अचूक हवा. गाडीतल्या यंत्रासाठी हा बहुधा आयएमईआय, म्हणजे यंत्राचा पंधरा आकडी क्रमांक, असतो.

यंत्राला हात लावण्याआधी ब्राउझरमधून एक खोटं लोकेशन पाठवून बघा. निम्मा गोंधळ इथेच संपतो. फायरवॉलमध्ये ५०५५ उघडा. हा ऑस्मअँड प्रोटोकॉलचा पोर्ट. सर्व्हरच्या पत्त्यापुढे तो लिहून आयडी (ओळख क्रमांक), लॅट (अक्षांश) आणि लॉन (रेखांश) जोडा. पुण्यासाठी १८.५२ आणि ७३.८६. कोरं पान आलं आणि नकाशावर ठिपका उमटला की सर्व्हरची बाजू ठीक. ४०० क्रमांकाची एरर दिसली तर ओळख क्रमांक तपासा.

मग यंत्र. डेटा चालू असलेलं सिम घाला, एसएमएसने एपीएन (सिम कंपनीच्या इंटरनेट जोडणीचं नाव), सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट कळवा. आज्ञा मॉडेलप्रमाणे बदलतात. जीटी०६ प्रोटोकॉल वापरणाऱ्या यंत्रांना ५०२३ पोर्ट लागतो. चुकीच्या पोर्टवर डेटा पोचतो, लॉगमध्ये आकड्या-अक्षरांच्या ओळीही दिसतात, पण ठिपका काही हलत नाही.

वाहतूकदाराच्या एपीआयसाठी, म्हणजे त्याच्या सिस्टिममधून डेटा घ्यायच्या सोयीसाठी, छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. दर मिनिटाला तिकडून वाचायचं, ५०५५ वर पाठवायचं. काम सोपं, खोड्या तीन. जिओजेसन या लोकेशन डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी येतो. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली, तर पुण्याची गाडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसते. वेग नॉटमध्ये द्यायचा, म्हणून ताशी किलोमीटरला १.८५२ ने भागा. तिसरी खोडी वेळेची, आणि तीच सर्वांत फसवी. भारतीय वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून पाठवली की नोंद साडेपाच तास पुढची होते. हे निदान लगेच लक्षात तरी येतं. पण स्क्रिप्ट चालण्याची वेळ लोकेशनची वेळ म्हणून पाठवली, तर तासभर रेंजबाहेर असलेली गाडीही 'ऑनलाइन' दिसत राहते. म्हणून मूळ नोंदीतली वेळच पाठवा. ती बदलली नसेल, तर त्या फेरीत काहीच पाठवू नका.