कर्नल बदलल्यावर उबुंटूतील वाय-फाय नाहीसे झाल्यास

उबुंटू या लिनक्स प्रणालीने नवा कर्नल (प्रणालीचा यंत्रभागांशी बोलणारा मूळ भाग) बसवल्यानंतर लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि वरच्या पट्टीतील वाय-फायचे चिन्हच दिसेनासे झाले, तर वाय-फायचे कार्ड जळाले असे समजून दुकान गाठण्याची किंवा संपूर्ण प्रणाली नव्याने बसवण्याची घाई करू नये. अशा वेळी कार्ड बहुधा ठणठणीत असते, पण नव्या कर्नलसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, तयार झालेला नसतो. येथे ब्रॉडकॉमचे बीसीएम ४३१४२ हे अनेक जुन्या लॅपटॉपांत आढळणारे कार्ड डोळ्यांसमोर ठेवले आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टंकाव्यात.

सर्वप्रथम जुन्या कर्नलवर परत जाऊन पाहावे. लॅपटॉप सुरू होताना एस्केप कळ दाबून ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी उघडावी, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’ हा पर्याय घ्यावा आणि आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडावा. तेथे वाय-फाय चालले, तर दोष नव्या कर्नलपुरता आहे हे पाच मिनिटांत सिद्ध होते. तेथेही चालले नाही, तर वाय-फाय बंद केलेले आहे का ते दाखवणारी ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ दिसल्यास लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा विमानाचे चिन्ह असलेली कळ तपासावी. जुना कर्नल हीच आपली परतीची वाट असल्याने काम पूर्ण होईपर्यंत जुने कर्नल काढून टाकू शकणारी ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा मुळीच चालवू नये.

या कार्डाचा ‘डब्ल्यूएल’ नावाचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही. त्याचा गाभा बंद स्वरूपात मिळतो आणि त्याभोवतीचे आवरण प्रत्येक कर्नलसाठी वेगळे संकलित (कंपाइल) करावे लागते. हे काम डीकेएमएस नावाचे साधन आपोआप करते, मात्र त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइल्स (संकलनाला लागणारी कर्नलची माहिती) हाताशी असाव्या लागतात. शिवाय कंपनीची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ सालची आहे. कर्नलची अंतर्गत रचना त्यानंतर सतत बदलत गेली आणि ड्रायव्हरला ठिगळे लावण्याचे काम उबुंटूसारख्या लिनक्स वितरणांच्या स्वयंसेवकांवर व कर्मचाऱ्यांवर पडले.

आता नव्या कर्नलवर यावे. इंटरनेटसाठी फोन यूएसबी केबलने जोडून फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग (केबलवरून फोनचे इंटरनेट देणे) सुरू करावे. त्याला वाय-फायच्या ड्रायव्हरची गरज लागत नाही. ‘युनेम -आर’ने चालू कर्नलचा क्रमांक पाहावा आणि ‘डीकेएमएस स्टेटस’च्या उत्तरात त्याच क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ लिहिले आहे का ते ताडून घ्यावे. तो क्रमांकच दिसत नसेल, तर ‘लिनक्स-हेडर्स’ या नावापुढे तोच क्रमांक जोडून ते पॅकेज बसवावे, ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ चालवावे आणि शेवटी ड्रायव्हर चालू करण्यासाठी ‘सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल’ द्यावे. बहुतेकांचे वाय-फाय येथेच परत येते.

संकलनच अडले, तर डीकेएमएसच्या बिल्ड फोल्डरमधील ‘मेक डॉट लॉग’ ही फाइल उघडावी आणि तळाची ओळ सोडून ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो ती ओळ वाचावी. उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तेव्हा तो जीसीसी (संकलन करणारा प्रोग्राम) १२ ने बांधलेला होता, तर प्रणालीत मुळात जीसीसी ११ असे. त्यामुळे जीसीसी १२ बसवताच अनेकांचे अडलेले संकलन पार पडले. पण लॉगमध्ये एखादे फंक्शन कर्नलला ठाऊकच नसल्याची तक्रार असेल, तर ड्रायव्हरचा स्रोत मागे पडला आहे असे समजावे आणि सुधारित पॅकेज येईपर्यंत जुन्या कर्नलवरच मुक्काम ठेवावा.

संकलन सुरळीत होऊनही मॉडप्रोबने ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे सुनावले, तर सिक्युअर बूटला, म्हणजे मान्य स्वाक्षरी असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेला, ड्रायव्हरवरील स्वाक्षरी मान्य नाही. ‘मोकयुटिल’च्या ‘इम्पोर्ट’ पर्यायाने शिम-साइन्ड फोल्डरमधील ‘मोक डॉट डर’ (यातील ‘मोक’ मोठ्या अक्षरांत) ही स्वाक्षरी पटवणारी चावी नोंदवावी, तात्पुरता पासवर्ड द्यावा व लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. मग निळा पडदा येतो. तेथे ‘एन्रोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. मी नेमका तेवढ्यात चहा आणायला उठलो होतो; लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला, चावी नोंदलीच गेली नाही आणि मी मात्र दोन वेळा ड्रायव्हर काढून घालत बसलो. पासवर्ड साध्या अक्षरांचा आणि अंकांचा ठेवावा, कारण त्या पडद्यावर कळफलक अमेरिकी मांडणीचा धरला जातो आणि विशेष चिन्हे दगा देतात.

वाय-फाय परत आल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून नव्या कर्नलवर एकदा पुन्हा सुरू करावा, जोडणी आपोआप होते याची खात्री करावी आणि ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेजही बसवून ठेवावे, म्हणजे पुढचा जेनेरिक कर्नल येताना आपले हेडर सोबत घेऊनच येईल.